उजवा डोळा झाकल्यावर

नातवाचा उजवा डोळा झाकला आणि नातू समोरून निघून गेला. गेला म्हणजे तसा तिथेच होता; आईच्या मांडीवर, पाठ तिच्या पोटाला टेकलेली, दोन्ही मुठी हवेत, एका पायातला मोजा निम्मा निघालेला. पण करड्या कार्डाच्या मधोमध पाडलेल्या वाटाण्याएवढ्या भोकातून त्याच्याकडे पाहणाऱ्या आजोबांना वाटलं, आता आता इथे कोणीतरी होतं आणि ते दार ओढून घेऊन बाहेर पडलं. उरलेला डावा डोळा उघडा होता, काळाभोर होता, ओला होता; पण तो कशावरच थांबत नव्हता. कार्डावरून घरंगळत छताकडे जात होता, छतावरून भिंतीकडे. मग गुंड्याने ओठ काढले आणि एकदम टाहो फोडला. आजोबांनी कार्ड खाली घेतलं नाही. अकरा वर्षांच्या सवयीने हात तसेच सरळ राहिले, आणि आधी राग आला तो त्या सरळ राहिलेल्या हातांचाच.

हॉस्पिटलात त्यांना सगळे पट्टेवाले म्हणत. साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसतो त्या पट्टेवाल्याचा पट्टा वेगळा आणि यांचे पट्टे वेगळे, पण गंमत करायची संधी कोण सोडतो? यांचे पट्टे कार्डावरचे. करडं, जाडसर, हातभर लांब कार्ड. मुलाकडे धरायच्या तोंडावर एका अर्ध्यात काळे-पांढरे उभे पट्टे, दुसरा अर्धा नुसता करडा, मध्ये भोक. तान्ह्या मुलाला बोलता येत नाही, पण रिकाम्या भिंतीपेक्षा पट्टे बघायला त्याला आवडतं. पट्टे दिसले की डोळे आपोआप तिकडे वळतात. कार्डागणिक पट्टे बारीक होत जातात आणि शेवटी इतके बारीक होतात, की मुलाच्या लेखी दोन्ही बाजू सारख्याच करड्या. मूल जिथे वळायचं थांबतं तिथे त्याची नजर संपली असं धरायचं. यात एक मेख होती. पट्टे कोणत्या बाजूला आहेत हे कार्ड धरणाऱ्याला माहीत असता कामा नये. नर्सबाई कार्ड पालथं हातात द्यायच्या. आजोबा ते तसंच उचलून धरायचे, भोकातून फक्त मुलाचे डोळे बघायचे आणि 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' म्हणायचे. नर्सबाई लिहून घ्यायच्या. बस्स. त्याआधी वीस-एक वर्षं ते तळघरातल्या डार्करूममध्ये क्ष-किरणांच्या फिल्मा धूत होते. फिल्मांचा जमाना गेला, काळोखाची गरज संपली, आणि डोळ्यांच्या विभागाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, तुमचा हात स्थिर आहे, डोकं शांत आहे. मुलांचं काम कराल?" हात स्थिर होता हे खरं. डोकं शांत असण्याचं कारण एवढंच, की वीस वर्षं काळोखात कोणी बोलायलाच नव्हतं.

डॉक्टरबाईंचा अभ्यास चालला होता दोन प्रकारच्या मुलांवर: दिवस पूर्ण भरून जन्मलेली आणि दिवस भरायच्या आधीच आलेली. त्यांना एकच गोष्ट हवी होती. नजर शिकते ती पोटातल्या दिवसांपासून धरून शिकते, की उजेडात आल्यापासून? सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल दोन महिने जास्त उजेड बघतं, मग ते पुढे जातं, की त्याचं कच्चेपण त्याला मागे ओढतं? त्या दिवशी सकाळी अशीच एक आई आली होती. वय विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कोणतं सांगू? जन्मून सहा महिने झाले. यायच्या तारखेपासून धरलं तर साडेतीन." तिच्या पर्समध्ये मुलाच्या तपासण्यांच्या कागदांची चळत होती, डोळ्यांचे कागद वेगळे, छातीचे वेगळे. मुलगी चिमणीएवढी, पण पट्टे बघताना अशी काही मान वळवत होती, की आजोबांना हसू आलं. जाताना आई तीनतीनदा विचारत राहिली, "बघते ना हो? नक्की बघते ना?" आणि आजोबांनी तिला अकरा वर्षांच्या अनुभवाचा हवाला देऊन सांगितलं, "बाई, ही तुमच्यापेक्षा चांगली बघते."

दुपारच्या दोन्ही पुऱ्या दिवसांच्या मुलांना सर्दी झाल्याचे फोन आले. डॉक्टरबाई वैतागल्या. "चार महिन्यांचं, धडधाकट, असं एखादं मूल आता कुठून आणू?" आणि आजोबांच्या तोंडून निघून गेलं, "माझा नातू आहे की." नियमाने स्वतःच्या घरातलं मूल त्यांनी तपासायचं नव्हतं. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, पट्टे कुठे आहेत ते तुम्हाला कुठे माहीत असतं, एका मुलाने काय होतंय, आणवा. खरं सांगायचं तर आजोबांना तो मिरवायचा होता. इतकी वर्षं लोकांच्या मुलांना 'शाब्बास' म्हणत आलो, आता एकदा आपल्या नातवाला म्हणायचं होतं. गुंड्याची आई, म्हणजे त्यांची मुलगी, त्यांच्याच इमारतीत दोन मजले वर राहायची. तासाभरात ती गुंड्याला घेऊन आली आणि आल्याआल्या म्हणाली, "आईने निरोप दिलाय. म्हणाली, त्यांना सांग, नीट बघा म्हणावं." आजोबा मोठ्यांदा हसले. "नीट बघा! आता हिच्याकडून शिकायचं राहिलं होतं."

दोन्ही डोळ्यांनी गुंड्याने कमाल केली. बारीक, आणखी बारीक, त्याहून बारीक. नर्सबाईसुद्धा म्हणाल्या, "पट्टेवाले, तुमचा वारसदार आला." डावा डोळा झाकला तरी तेच, ढिम्म फरक नाही. "पठ्ठ्या आहे," आजोबा कार्डाआडून म्हणाले. मग उजवा झाकला.

मुलगी म्हणाली, "पट्टी टोचत असेल त्याला." आजोबा म्हणाले, "भूक लागली असेल." दूध पाजून झालं. पंधरा मिनिटं खिडकीशी उभं राहून झालं. पुन्हा उजव्या डोळ्यावर पट्टी आणि पुन्हा तीच किंकाळी. नर्सबाईंनी सगळ्यात जाड पट्ट्यांचं कार्ड दिलं. हे हातात घेताच कळायचं, कारण त्याचा कोपरा दुमडलेला होता; अंगठ्याएवढे जाड पट्टे, नुकत्या जन्मलेल्या मुलालाही दिसतील असे. भोकातून तो ओला डोळा दिसत होता. तो डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही. आजोबा थांबले. नर्सबाईंची पेन्सिल कागदावर टेकून राहिली होती. आणि आजोबांनी स्वतःचा आवाज ऐकला: "उजवीकडे."

अकरा वर्षांत ते पहिल्यांदा खोटं बोलले. पेन्सिल सरकली. नर्सबाईंच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, म्हणजे बरोबर आलं असावं. पुढचं कार्ड. "उजवीकडे," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी पेन्सिल लगेच सरकली नाही. आंधळ्याने ठोकून दिलं तरी निम्मं बरोबर येतं, हे ते नव्या लोकांना शिकवताना नेहमी सांगत. म्हणून तर एकेक कार्ड चारचारदा दाखवायचं. त्यांच्या लक्षात आलं, की आपण मुलाला पास करत नाही आहोत, आपणच पास व्हायला बघतो आहोत. कपाळावरून घामाचा ओघळ भोकाशी लावलेल्या डोळ्यात उतरला आणि डोळा झोंबला. त्यांनी कार्ड टेबलावर उताणं ठेवलं. पट्टे डावीकडे होते.

"बाई," ते म्हणाले, "ते दोन्ही खोडा. मी अंदाजाने बोललो."

डॉक्टरबाई आल्या. खोलीतला दिवा घालवायला सांगितला आणि हातभर अंतरावरून छोट्या दुर्बिणीचा उजेड गुंड्याच्या दोन्ही डोळ्यांवर टाकला. हे आजोबांनी हजारदा पाहिलं होतं. बाहुलीतून लालसर चकाकी परत येते, निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखी. उजव्या डोळ्यात ती आली. डाव्यात आली नाही. मधोमध एक गच्च ठिपका आणि कडेला लालीची बारीक कोर. डॉक्टरबाई दिवा लावून, खुर्ची ओढून मुलीसमोर बसल्या. बसल्या तेव्हाच आजोबांना कळलं. चांगली बातमी त्या उभ्यानेच सांगत.

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. जन्मापासूनचा."

मुलगी हसली. खरंच हसली. "काहीतरीच काय डॉक्टर! मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. बाबांना होईल आता." आणि मग कोणीच हसत नाही हे पाहून तिने वडिलांकडे पाहिलं. त्या पाहण्याला काय म्हणावं? लहानपणी शाळेच्या फाटकातून दप्तर सावरत ती अशी बघायची. बाबा आलेत, म्हणजे झालं. "बाबा, सांगा ना यांना. तुम्ही रोज घेता ना त्याला." रोज घेत होते. रोज संध्याकाळी, एकशे वीस संध्याकाळी. तो हसायचा, त्यांच्या चष्म्याला हात घालायचा. एका डोळ्यानेही माणूस ओळखता येतो, एका डोळ्यानेही आजोबाकडे बघून हसता येतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? लवकर आलेल्या मुलांकडे सगळं जग डोळ्यांत तेल घालून बघतं. हा वेळेवर आला, साडेतीन किलोचा, प्रसूतिगृहाच्या कागदावर 'डोळे : ठीक' लिहून आला. वेळेवर आलेल्याकडे कोण बघतं?

घरी जाताना गुंड्या त्यांच्या खांद्यावर झोपला. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या, फुटपाथवर उलटी ठेवलेली टेबलं, सिग्नलपाशी थांबलेली माणसं, सगळं एका बाजूनेच दिसतंय असं त्यांना वाटायला लागलं. त्यांनी स्वतःचा उजवा डोळा मिटून पाहिला. रस्ता होता तसाच दिसला. उघडला, मिटला. समोरून येणाऱ्या एका बाईला वाटलं म्हातारा डोळा मारतोय. ती तोंड फिरवून पुढे गेली. एरवी ही गोष्ट घरी जाऊन सांगितली असती आणि बायको पदर तोंडाला लावून हसली असती. इथे त्यांचं पाऊल अडखळलं. कारण बायको आठवली, आणि तिच्याबरोबर ते टोपडं.

दोन महिन्यांपूर्वीची सकाळ. ते दाढी करत होते. बायको गुंड्याला घेऊन न्हाणीघराच्या दाराशी आली आणि म्हणाली, "अहो, एक गंमत बघा. टोपडं घसरून या डोळ्यावर आलं ना, की हा रडतो. त्या डोळ्यावर आलं की काही नाही, खेळत बसतो." त्यांनी आरशातूनच विचारलं, "मग?" "मग काही नाही. पण असं का?" आणि तिने आपला तळहात गुंड्याच्या एका डोळ्यासमोर धरला. तो खेळत राहिला. मग दुसऱ्या डोळ्यासमोर धरला. त्याने मान झटकली, कुरकुरला. तिने पुन्हा केलं. तीनदा. आता रस्त्यात उभं राहिल्यावर आजोबांना दिसत होतं, की ती नुसती गंमत दाखवत नव्हती. एक डोळा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला; ती तपासत होती. कार्ड नाही, भोक नाही, नर्स नाही, एका तळहातावर. आणि ते गालावरचा फेस निपटत म्हणाले होते, "अकरा वर्षं मी तिथे काय माशा मारतोय? टोपडं टोचत असेल. मैत्रिणींना सांगत बसू नको, हसतील." ती बरं म्हणाली. बायको बरं म्हणाली की विषय संपतो, असं पस्तीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळेच डॉक्टरबाईंसमोर बसले होते. मुलगी, रात्रभर न झोपलेला जावई, मांडीवर गुंड्याला घेतलेली आजी आणि भिंतीला टेकून उभे आजोबा. डॉक्टरबाई समजावत होत्या. आठवड्याभरात ऑपरेशन. आतलं गढूळ भिंग काढायचं, मग डोळ्यावर कॉन्टॅक्ट लेन्स घालायची. पण खरं काम त्यानंतर. हा डोळा बघायला शिकलेलाच नाही. मेंदूने त्याचं म्हणणं ऐकायचं सोडून दिलंय. म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, जागा असेल त्याच्या निम्मा वेळ, रोज, कित्येक वर्षं. चांगला डोळा झाकल्याशिवाय वाईट डोळ्याकडे कोणी लक्ष देत नाही.

"दोन्हीकडे सारखं दिसेल ना पण?" जावयाने विचारलं.

"सारखं नाही. किती ते आज सांगता येणार नाही. जितकं लवकर सापडतं तितकं..." डॉक्टरबाई थांबल्या. हे वाक्य आजोबांच्या तोंडपाठ होतं. हेच वाक्य त्यांनी इतरांच्या मुलांच्या बापांना कॉरिडॉरमध्ये पाण्याचा पेला देत कितीदा पुरं करून सांगितलं होतं. मग डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला. "घरात कोणाला काही जाणवलं होतं का? आधी कधी?"

मुलीने मान हलवली. जावयाने हलवली. आजीने नवऱ्याकडे पाहिलं. क्षणभरच, भाजी घेताना किंमत विचारू का अशा नजरेने. आणि ती म्हणाली, "नाही. काही नाही जाणवलं."

आजोबांना कालचा धक्का एवढा बसला नव्हता. काल गुंड्याच्या डोळ्यात उजेड परत आला नाही तेव्हा पायाखालची जमीन सरकली होती; आज त्यांना कळलं, त्या जमिनीखाली आणखी एक जमीन होती आणि तीही गेली. ती खोटं बोलत होती. त्यांच्यासाठी. इतक्या सहज, इतक्या सवयीने, जसं काही हे ती नेहमीच करत आली होती. आणि करत आली असणार. किती वेळा? कशाकशासाठी? एकतीस वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात, याच बाईने, आता समोर बसलेली ही मुलगी सातव्या महिन्यात जन्माला घातली होती. मूठभर जीव, काचेच्या पेटीत. त्रेचाळीस दिवस ती त्या पेटीशी स्टुलावर बसून होती. नर्सा बदलायच्या, ही बदलायची नाही. पोरीचा श्वास मोजायची, बोटांचा रंग बघायची. यंत्र वाजायच्या आधी हिने सांगितलेलं असायचं. डोळ्यांना धोका असतो असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून ती मुलीच्या पापण्यांकडे अशी बघायची, की जणू बघून बघूनच तिला नजर देणार होती. आणि तेव्हा ते कुठे होते? तळघरात. फिल्मा धूत. वर जायचा धीर होत नव्हता म्हणून ओव्हरटाइम मागून घेतलेला. दर रात्री ते जिन्यात उभं राहून विचारायचे, "कशी आहे?" आणि ती म्हणायची, "चांगली आहे." रोज. त्रेचाळीस दिवस रोज चांगली कशी असेल? बघायला शिकली होती ती. पगार आणि नाव मात्र बघण्याचं यांना मिळत होतं.

"बाई, लिहा," आजोबा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "हिला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. हिने मला सांगितलं, करून दाखवलं. मी उडवून लावलं."

"अहो," आजी हळूच म्हणाली, "कशाला आता?"

जावई खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. "दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका?" तो म्हणाला. आजोबांना ते लागलं नाही. कोणीतरी काहीतरी म्हटल्याने बरंच वाटलं. लागलं ते वेगळंच. मुलगी त्यांच्याकडे वळलीच नाही. ती आईकडे वळली.

"आई, मग तू मला का नाही सांगितलंस? दोन मजले वर राहते मी. रोज येत होतीस."

आजीने गुंड्याचा निघालेला मोजा वर ओढला. मग पुन्हा खाली करून नीट ओढला. "यांनी नाही म्हटल्यावर," ती म्हणाली, "मला वाटलं माझंच चुकत असेल. त्यांचं रोजचं काम ते. मला काय कळतंय?" आणि थोड्या वेळाने, कोणालाच उद्देशून नव्हे अशी, "तरी काल निरोप दिला होता."

खोलीत कोणी रडलं नाही. गुंड्या एकटाच बोबडं काहीतरी म्हणत टेबलावरच्या पेनाकडे हात करत होता. डॉक्टरबाईंनी पेन त्याच्यापुढे सरकवलं आणि बिनपेनाच्या कागदाकडे बघत बसल्या. खूप वेळाने मुलगी वडिलांना म्हणाली, "पट्टी तुम्ही लावायची. मी लावणार नाही, आई लावणार नाही. रोज. तुमच्या हाताने."

"बरं," आजोबा म्हणाले. 'बरं' कसं म्हणावं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन झालं. लेन्स घालायला मुलगी शिकली. पहिल्या दिवशी लेन्स दोनदा खाली पडली, पंधरा दिवसांत बोलता बोलता घालायला लागली. पट्टीचं मात्र तिने सांगितलं तेच खरं केलं. रोज सकाळी आठला आजोबा दोन मजले चढायचे. खिशात पट्ट्यांचं पाकीट असायचं. गुंड्या जमिनीवर खेळत असायचा. पहिल्या महिन्यात तो पट्टी पाहून रडायचा. दुसऱ्या महिन्यात पाकिटाचा आवाज ऐकून. तिसऱ्या महिन्यात जिन्यातली पावलं ऐकून. दुपारी पट्टी काढायची वेळ झाली की आजी वर जायची, कोमट पाण्याने कडा सोडवायची आणि पट्टी निघाली की गुंड्या तिच्या गळ्यात पडून खिदळायचा. आजोबा आले की मात्र तो रांगत पलंगाखाली जायचा. त्यांना गुडघ्यांवर बसून, हात आत घालून, त्याला पायाला धरून ओढून काढावं लागायचं. पंचावन्न-साठ वर्षांचा माणूस, आयुष्यात कोणावर हात न टाकलेला, रोज सकाळी एका तान्ह्या पोराचा चांगला डोळा बंद करत होता. पट्टी बसली की गुंड्या घरातल्या घरात हरवायचा. दाराच्या चौकटीवर आपटायचा. खेळणं हातापासून वीतभर अंतरावर असलं तरी चाचपडायचा. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. आजोबा मोठं, लाल, भडक काहीतरी त्याच्यासमोर धरून बसायचे. "इकडे, राजा. इकडे बघ." तो आवाजाकडे बघायचा. वस्तूकडे नाही.

हॉस्पिटलात त्यांनी कार्डांचं काम सोडायचा अर्ज दिला. डॉक्टरबाईंनी तो वाचून त्याची घडी केली आणि ती परत त्यांच्या खिशात घातली. "खोडा म्हणणारा माणूस मला परत कुठे मिळेल?" त्या म्हणाल्या. यात कौतुक होतं की नाइलाज, ते त्यांना ठरवता आलं नाही. ते कार्ड धरत राहिले. पण आता प्रत्येक मूल भोकातून दिसेपर्यंत छातीत धडधडायचं, आणि डोळे वळले की त्यांना आनंद व्हायच्या आधी आश्चर्य वाटायचं. बघतंय! हे मूल बघतंय! अकरा वर्षं ते ज्याला साधी गोष्ट समजत आले होते ती आता दर खेपेला त्यांना हादरवून जायची. घरीसुद्धा ते बायकोकडे बघायला लागले. ती गॅसची ज्योत बारीक करताना एक कान भिंतीकडे करते. तिच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सरळ होत नाही. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं. "झाली असतील सहा-सात वर्षं," ती म्हणाली, "काय झालं?"

पहिल्या वाढदिवसानंतरच्या तपासणीला कार्ड डॉक्टरबाईंनी स्वतः धरलं. आजोबांना खोलीबाहेर उभं केलं होतं. मग दार उघडून मुलगी बाहेर आली. "जाड पट्टे दिसतात," ती म्हणाली. "त्याच्या पुढचेही दिसतात, तीन कार्डांपर्यंत. बारीक नाही दिसत. डॉक्टर म्हणाल्या, बारीक बहुतेक कधीच नाही." त्या दिवसापासूनच्या आठ-नऊ महिन्यांत एकदाही ती आपणहून त्यांच्याशी एवढी वाक्यं बोलली नव्हती. ती कॉरिडॉरच्या खिडकीबाहेर बघत राहिली. "तीन कार्डं म्हणजे चांगलं ना बाबा?" तिने विचारलं. त्यांनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "तीन म्हणजे तीन," ते म्हणाले. "होती शून्य." तिने मान हलवली. पर्स खांद्यावर नीट केली. "पट्टी चालू ठेवायची आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते जिना चढले. पाकिटातून पट्टी काढली, पाठीमागचा कागद सोलला, आणि नेहमीप्रमाणे पलंगाखाली पाहायला गुडघ्यांवर बसले. पलंगाखाली कोणी नव्हतं. मागून हाताला काहीतरी लागलं. गुंड्या उभा होता. खुर्चीचा पाय एका हाताने धरून, लटपटत, पण उभा. रडत नव्हता. त्याने त्यांच्या बोटावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याने दोन्ही डोळे गच्च मिटले आणि आपलं तोंड वर करून त्यांच्यापुढे धरलं.

आजोबा तसेच बसून राहिले. पट्टीचा चिकट भाग बोटाला चिकटून चुरगळायला लागला होता. पोर डोळे मिटून, हनुवटी वर करून थांबलं होतं. उशीर का होतोय हे त्याला कळत नव्हतं. दाराशी मुलगी येऊन उभी राहिल्याचं त्यांना जाणवलं, पण मान वळवता येईना. ज्या हातांत अकरा वर्षं कार्ड कधी हललं नव्हतं, त्या हातांनी त्यांनी दुसरी पट्टी काढली. तिचा कागद सोलायला त्यांना फार वेळ लागला.